पाहिलं तेवढंच

अंजनगाव सुर्जीत कुणाच्या पोराचं किंवा पोरीचं जमवायचं असलं की पाहुणे आधी मनकर्णाबाईच्या ओसरीवर यायचे. ही चौकशीची रीत वऱ्हाडात जुनी. स्थळ पसंत पडलं तरी त्या गावात जाऊन चार घरी विचारल्याशिवाय सुपारी फुटत नाही. आता चार घरी विचारलं की चार गोड उत्तरं मिळतात, कारण सांगणाऱ्याला उद्याही त्याच गावात राहायचं असतं. मनकर्णाबाईकडे गोड उत्तर मिळत नसे. "पोरगा पेते काय हो?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पोळ्याच्या दिवशी पेलेला पाह्यला. बाकी दिवसाचं मले ठाऊक नाही. लोकं काय म्हन्तात ते लोकाईले विचारा." यापुढे एक शब्द नाही. पाहुण्यानं कितीही गळ घातली तरी ऐकीव गोष्ट ती तोंडातून काढत नसे.

या स्वभावापायी तिनं कितीतरी सोयरिकी मोडल्या, असं गाव म्हणतं. ज्या टिकल्या त्यांचं श्रेय अर्थातच गावानं तिला दिलं नाही. खुद्द तिच्या मुलीला, प्रणालीला, पाहायला अकोल्याचे पाहुणे आले तेव्हा चहाचे कप खाली ठेवायच्या आत बाईनं सांगून टाकलं, "हिवाळ्यात पोरीले दमा होते. औषध चालू हाये. आमी लपवून देनार नाही." तिचे यजमान महादेवराव कपाळाला हात लावून बसले. पाहुण्यांनी मात्र तिथल्या तिथे होकार दिला. मुलाची आई म्हणाली, जे घर दमा सांगते त्या घरात दुसरं काही झाकलेलं नसन. प्रणाली आज अकोल्यात सुखानं नांदते आहे आणि दम्याचा पंप पर्समध्ये घेऊन फिरते.

तर अशी ही बाई. सून मात्र तिला मिळाली ती तत्त्वज्ञान शिकवणारी. आरती अमरावतीच्या एका महाविद्यालयात नोकरीला होती, आणि लग्नानंतर तिच्या नवऱ्यानं, गजेंद्रनंही, अमरावतीतच बियाण्यांचं दुकान टाकलं. सून कॉलेजात काय शिकवते असं शेजारणींनी विचारलं की मनकर्णाबाई सांगायची, "मी काई तिच्या वर्गात बसलो नाही."

वर्गात आरती दरवर्षी फळ्यावर तीन शब्द लिहायची: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. आपण स्वतः अनुभवलं ते प्रत्यक्ष. खुणेवरून ताडलं ते अनुमान. आणि भरवशाच्या माणसानं सांगितलं ते शब्द. मागच्या बाकांवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडी असायची, पण एखादं तरी पोरगं विचारायचंच, "मॅडम, भरवशाचा माणूस ओळखायचा कसा?" आरती सांगायची, जो स्वतः पाहिलेलंच सांगतो, पाहिलं नसेल तर नाही म्हणतो, आणि खोटं बोलून ज्याला काही मिळवायचं नसतं, तो. "असा माणूस असते काय, मॅडम?" "आहे ना. माझ्या सासूबाई." वर्ग खो खो हसायचा. आरती मात्र हसत नसे, कारण तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या एका बाईच्या सांगण्यावर उभी होती.

तिला मुलगा झाला होता. पूर्ण दिवसांचा. पण पोटातली हालचाल थांबली म्हणून घाईनं दवाखान्यात नेलं आणि सिझर करून बाळ काढलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. आरती भुलीत होती. दारात उभ्या असलेल्या मनकर्णाबाईनं नर्सला सांगितलं, "मायेले दाखवू नोका. पाह्यलं की जीव गुंतते." यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे असंच करतात, आणि माया असते म्हणूनच करतात. आरती शुद्धीवर आली तोवर बाळ अंजनगावला गेलं होतं आणि त्याला माती देऊनही झाली होती.

सगळ्यांना वाटलं, पाहिलंच नाही तर विसरेल लवकर. विसरायला आधी काहीतरी आठवत तर असायला हवं. आरतीला दूध दाटून यायचं आणि ते कुणासाठी हेच तिला ठाऊक नव्हतं. फासळीखाली ज्यानं इतके महिने लाथा मारल्या त्याला तोंडच नव्हतं. तिनं खाणंपिणं सोडलं. तिची आई रडली, डॉक्टर रागावले. गजेंद्र गेटजवळच्या चहाच्या टपरीवर नुसता उभा राहायचा, चहासुद्धा घ्यायचा नाही. मग अंजनगावचं सगळं उरकून मनकर्णाबाई परत आली आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसली. आरतीनं विचारलं, "आई, कसा होता?"

मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "नाक तुयासारखं होतं. केस लय होते. कानावर आलते." आरती खूप रडली, आणि त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा वरणभाताचे चार घास खाल्ले.

पुढे तिला मूल झालं नाही. पण त्या दोन वाक्यांवर तिनं पोरगा वाढवला. दरसाल त्या दिवसाच्या आगेमागे ती अंजनगावला जायची आणि सासूजवळ भाजी निवडत बसली असताना हळूच एखादी गोष्ट विचारायची. मनकर्णाबाई शेंगांकडे पाहत सांगायची. एका साली हनुवटीला खळी मिळाली, एका साली लांब बोटं. एकदा तर भुवया अगदी गजेंद्रसारख्या निघाल्या. कॉलेजच्या फाटकाशी दहावी-बारावीची पोरं दिसली की आरती त्यांच्यात कुरळे, कानावर आलेले केस शोधायची. केस कुरळे होते असं मनकर्णाबाई कधी म्हणाली नव्हती. ते आरतीनं आपलं आपण घातलं होतं. गजेंद्रशी मात्र ती यातलं काहीच बोलू शकत नसे. विषय निघाला की त्याला दुकानाची आठवण व्हायची आणि खाली गाडीला किक बसायची. त्याला त्या पोराचं काही वाटलंच नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

महादेवराव गेले. मनकर्णाबाईच्या किडन्यांनी दगा दिला आणि डायलिसिससाठी ती अकोल्याला प्रणालीकडे राहायला गेली. प्रत्येक खेपेला ती थोडी थोडी कमी होत होती. प्रणाली फोनवर म्हणाली, "वहिनी, आईचं आता काही खरं दिसत नाही." तेव्हा आरतीला सासूचं वाईट वाटलंच, पण त्याच्याही आधी दुसरी एक गोष्ट वाटली आणि तिची तिलाच लाज वाटली. आई गेली तर त्याचं तोंड पाहिलेलं माणूस या जगात उरणार नाही.

आरतीच्या कॉलेजात श्याम सर म्हणून चित्रकलेचे शिक्षक होते. घरात ज्यांचा फोटो नाही अशा गेलेल्या माणसांची चित्रं ते घरच्यांना विचारून विचारून काढून देत. आरती एका मोकळ्या तासाला त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि तिनं नाक, केस, खळी, भुवया असं सगळं सांगितलं. सर कागदावर पेन्सिल धरून ऐकत राहिले. मग विचारू लागले. कपाळ किती रुंद होतं? कान डोक्याला चिकटलेले की सुटे? वरचा ओठ पातळ? डोळे मिटलेले असतील, पण पापणीचा उंचवटा कसा होता? आरतीला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सर म्हणाले, "मॅडम, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून या. आणि उशीर करू नका."

ती रविवारी सकाळच्या गाडीनं निघाली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं प्रश्न मनाशी घोळवून पक्के केले. अकोल्याचं ऊन नेहमीसारखंच पेटलेलं होतं. प्रणालीच्या घरी पुढच्या खोलीत कूलर लावला होता आणि त्याच्यासमोर खाटेवर मनकर्णाबाई उशीला टेकून बसली होती. आरतीला पाहून ती म्हणाली, "एवढ्या उन्हाची काहून आली वं?" प्रणालीनं पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आरतीनं आडपडदा ठेवला नाही. चित्र काढून घ्यायचं आहे, श्याम सर काढणार आहेत, असं सगळं सांगून तिनं विचारायला सुरुवात केली.

"कपाळ कसं होतं, आई?"

"मोठं."

"आणि कान?"

"असतात तसेच." मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले.

"ओठ?"

"बारीक."

"नाक मी सरांना सांगितलंय. पण टोकाला कसं होतं? बसकं?"

"नाही. सरळ. गजेंद्रासारखं."

आरती थांबली. "आई, नाक माझ्यासारखं होतं ना?"

मनकर्णाबाईनं डोळे उघडले. परक्या पोरांची चौकशी करायला आलेल्या पाहुण्यांना ती जशी निरखून पाहायची तसं तिनं सुनेकडे पाहिलं.

"ते चित्र भितीवर लावशीन तू?"

"हो."

"येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवशीन, हा माहा पोरगा म्हनून?"

"हो, आई."

"मंग नोको काढू," मनकर्णाबाई म्हणाली. "दुसऱ्याच कोन्या लेकराचं तोंड लागन तिथं. मी नाही पाह्यला त्याले."

आरतीला आधी कळलंच नाही. आजारपणात माणसं काहीबाही बोलतात असं तिला वाटलं. पण मनकर्णाबाईचा आवाज अगदी ओसरीवरचा होता, स्वच्छ.

"नर्सनं कापडात गुंडाळूनच देल्ला. म्हने, आजी, तोंड पाहून घ्या. मी म्हनलं, राहू दे. तुया सासऱ्याइनं बी नाही पाह्यलं, मान फिरवली. व्हॅनवाल्या नत्थुजीनं माती लोटली तवा बी कापड तसंच होतं. कोनीच नाही पाह्यलं."

"तुम्ही काहून नाही पाहिलं?" आरतीच्या तोंडून वऱ्हाडी कधी निघाली ते तिचं तिला कळलं नाही.

"तुले दाखवू देल्ला नाही, अन् मी कशी पाहू? पह्यला हक्क मायेचा. तो तुया हक्क मी मोडला. वरून सोताच पाहून घेऊ काय?" ती दम खाण्यासाठी थांबली. "गजेंद्राच्या आधी एक पोरगी झालती मले. दीड महिन्याची होऊन गेली. तिचं तोंड मी पाह्यलं. आजवरी डोयापुढून हालत नाही. जेवतानी दिसते, देवापुढं दिसते. मले वाटलं, तुया मांगं ते नोको लागाले. म्हनून नर्सले नाही म्हनलं."

"मग नाक? केस? खळी?"

"तू जेवत नवती," मनकर्णाबाई म्हणाली. "तू विचारलं अन् माह्या तोंडातून निंगालं. तू चार घास खाल्ले. मंग मांगं फिरता नाही आलं मले. तू दरसाल विचारे. मी काय देऊ? जे सुचे ते देऊ."

प्रत्यक्षाशिवाय शब्दाला किंमत नाही, हे आरती वर्षानुवर्षं वर्गात सांगत आली होती. कितीही माणसांनी कितीही वेळा सांगितलं तरी त्या साखळीच्या पहिल्या टोकाला पाहणारं कुणीतरी लागतं, नाहीतर ती नुसती आंधळ्यांची रांग. दुसऱ्या कुणाची साक्ष असती तर तिनं दहा फाटे फोडले असते. इथे तिनं एकदाही उलटं विचारलं नव्हतं. बोटं लांब, भुवया बापासारख्या, खळी आयत्या वेळची, हे सगळं तिनं ओंजळीत धरून घरी नेलं होतं. आता त्यातलं काहीच उरलं नाही. कुरळ्या केसांचा तो पोरगा त्या खोलीत, दिवसाढवळ्या, पुन्हा मेला.

"जन्मात तुम्ही कोणाशी खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली. "माझ्याशीच बोललात."

"व्हय," मनकर्णाबाई म्हणाली.

माफी तिनं मागितली नाही. आरती उठून मागच्या गॅलरीत गेली. तिथे प्रणालीनं ज्वारीच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. कठड्याला धरून ती तोंडावर ओढणी दाबून रडली. तिला त्या म्हातारीचा इतका राग आला की तडक बसस्टँडवर निघून जावं असं वाटलं, आणि तिच्या त्या दीड महिन्याच्या पोरीसाठीही रडू येत राहिलं. ती पोरगी होती हेही या घरात तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. प्रणाली पाठीशी येऊन उभी राहिली, काही विचारावं की नाही ते तिला कळेना, म्हणून तशीच परत गेली.

बऱ्याच वेळानं आरती खाटेजवळ येऊन बसली. मनकर्णाबाई त्याच जागी, त्याच अंगानं बसलेली होती.

"आई, मला बनवून काही सांगू नका," आरती म्हणाली. "तुम्हाला स्वतःला जे ठाऊक आहे तेवढंच सांगा. काहीच नसेल तर काहीच नाही म्हणा."

मनकर्णाबाईनं उशीला टेकलेली पाठ सरळ केली. काहीच नाही असंच आता ही म्हणणार, याची आरतीनं मनाशी तयारी केली.

"जड होता," मनकर्णाबाई म्हणाली.

आरतीनं मान वर केली.

"लय जड. भरलेलं लेकरू. नत्थुजीच्या व्हॅनमंदी मी मांगं बसलो होतो, हे समोर. मांडीवर घेतला होता त्याले. दर्यापूर येईलोक पाय मुंग्याईनं भरून गेला. रस्ता असा फुटलेला, गचके बसून राह्यले. हे म्हने, बाजूले सीटवर ठेव. मी नाही ठेवला. अंजनगावलोक पाय बी नाही हालवला."

"काहून?"

"जागा होईन म्हनून," मनकर्णाबाई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेसमोर तिचे डोळे वाहू लागले. "मले ठाऊक होतं ना वं तो मेला हाये. पन पायाले कोन सांगन?"

आरतीनं विचारलं, कोणत्या मांडीवर. मनकर्णाबाईनं अंगावरची चादर सारली आणि डाव्या मांडीवर हात ठेवला. सुईनं चाळण झालेला, काळानिळा पडलेला हात. आरतीनं तो हात उचलून बाजूला ठेवला आणि तिथं डोकं टेकलं. मांडी नुसती हाडाची राहिली होती. मनकर्णाबाई तिच्या केसांवरून बोटं फिरवत राहिली. प्रणालीनं आणलेला चहा तिपाईवर निवून गेला.

पोळ्याच्या आधी मनकर्णाबाई गेली. अंजनगावला आणली तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. तिनं मोडलेल्या सोयरिकींतलीही काही त्यात होती. बायका एकेक करून तोंड पाहून गेल्या. आरती सगळ्यांच्या शेवटी गेली आणि पुरुषांनी उचलायची घाई केली तरी उठली नाही. कपाळ, पापण्या, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, वरच्या ओठावरची लव, सगळं तिनं पाहून घेतलं.

श्याम सरांना तिनं चित्र नको म्हणून सांगितलं.

तेरवी आटोपून दोघं अमरावतीला परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र दुकानात जायला निघाला होता. पायात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "त्या रविवारी तू अकोल्याहून आली तवा डोळे सुजले होते तुहे. आई काय म्हने?"

आरतीला वाटलं, सांगितलं की हा गाडीला किक मारून निघून जाणार. तरी तिनं सांगितलं. नाक, केस, खळी, सगळं मनानं रचलेलं होतं हे सांगितलं. कुणीच पाहिलं नव्हतं हेही सांगितलं. "फक्त एवढं म्हणाल्या, जड होता."

गजेंद्र चप्पल तशीच अर्धवट घालून दाराच्या पायरीवर बसला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. त्यानं दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "नर्सनं आधी माह्या हातात देल्ला होता. दवाखान्यातून व्हॅनलोक मीच नेला. मान लटकू नये म्हनून डोक्याखाली हात धरला होता मी."